जकुझीत क्लोरीन टाकलं म्हणजे पाणी चांगलं झालं असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की मुंबई-ठाण्याची मंडळी शनिवारी दुपारपासून नाशकात यायला लागतात आणि आता गंगापूर रोड काय, त्र्यंबक रोड काय, धरणाच्या बॅकवॉटरच्या बाजूला काय, जिथं बघाल तिथं फार्महाऊस आणि प्रत्येकाच्या बोर्डावर जकुझी लिहिलेलं असतं. आपल्या भागात चार पैसे येतायत, पोरांना काम मिळतंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझं म्हणणं त्या जकुझीतल्या, म्हणजे गरम पाण्याच्या बुडबुड्यांच्या टबातल्या, पाण्याबद्दल आहे.

मी सातपूरच्या एका कारखान्यात २६ वर्षं बॉयलरवर काढली. बॉयलरवाला पाणी डोळ्यांनी बघून पास करत नाही, तो आधी विचारतो पीएच किती म्हणजे पाणी आंबट की अल्कली, हार्डनेस किती म्हणजे पाणी किती जड, अल्कलिनिटी किती म्हणजे आंबटपणा पेलायची पाण्याची ताकद. रिटायर झालो आणि त्याच सुमारास मेव्हण्याने फार्महाऊस बांधलं, त्यात सहा जण बसतील असा १५०० लिटरचा टब बसवला आणि दाजी तुम्हाला पाण्यातलं कळतं म्हणून त्याची देखभाल माझ्याकडे दिली. कळतं असं मलाही वाटत होतं. तरी चार महिन्यांत हीटरचं एलिमेंट खाल्लं गेलं, ते कसं ते सांगतो, कारण तीच चूक मला नंतर बऱ्याच ठिकाणी दिसली.

स्विमिंग पूलला वापरतात त्या पांढऱ्या क्लोरीनच्या गोळ्या दुकानदाराने दिल्या, टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अॅसिड), २०० ग्रॅमची एक गोळी, फ्लोटरमध्ये म्हणजे तरंगत्या डबीत ठेवायची आणि विसरून जायचं. सोपं काम. केअरटेकर रोज ओटी (ऑर्थोटोल्युडीन) टेस्ट करायचा, आपल्याकडे गावोगावी टाकीच्या पाण्याची करतात तीच, दोन थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. पिवळं झालं की आम्ही खूश. पाणी तपासायच्या कागदी स्ट्रिपवर अल्कलिनिटी ८० दिसायची, ती पण बरोबर. मग पाण्याला हलकी हिरवट झाक आली, शेवाळ नाही, काचेच्या ग्लासात धरलं तर एकदम स्वच्छ पण हिरवट. हीटरच्या जोडणीतलं तांबं विरघळत होतं ते. आणि एके दिवशी एमसीबी ट्रिप व्हायला लागला.

आता यात काय झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. ती गोळी नुसतं क्लोरीन देत नाही. तिचा पीएच साधारण ३, म्हणजे चांगली आंबट, ती विरघळता विरघळता पाण्यातली अल्कलिनिटी खाते आणि अल्कलिनिटी संपत आली की पीएच धरून ठेवणारं कोणी उरत नाही. शिवाय तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग सायन्युरिक अॅसिड असतं. हे अॅसिड उघड्या पूलमध्ये उन्हाने क्लोरीन उडू नये म्हणून चांगलं, पण आमचा टब शेडखाली, वर झाकण, ऊन लागतंय कुठं. २०० ग्रॅमच्या एका गोळीतून जवळजवळ ११० ग्रॅम सायन्युरिक अॅसिड येतं, १५०० लिटरमध्ये म्हणजे ७० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) वर, एका गोळीत! पूलमध्ये लाखभर लिटर पाणी असतं तिथं एक गोळी काहीच नाही, पण जकुझीत दोन गोळ्यांतच १५० च्या आसपास पोचतो आपण. आणि ते उडत नाही, गाळलं जात नाही, कुठली पावडर टाकून सहज मरत नाही, पाणी बदलणं हाच उपाय. ते वाढलं की क्लोरीनला धरून ठेवतं, टेस्टमध्ये क्लोरीन दिसतं पण जंतू मारायचं काम एकदम मंद होतं.

आणि मी जिथं फसलो ते हे, स्ट्रिपवरच्या अल्कलिनिटीत हे सायन्युरिकसुद्धा मोजलं जातं. साधारण एक तृतीयांश वजा करायला पाहिजे. माझे ८० दिसत होते त्यातले ५० सायन्युरिकचे, खरे उरले ३०. २६ वर्षं अल्कलिनिटी मोजलेला माणूस मी, पण बॉयलरमध्ये सायन्युरिक नसतं त्यामुळं हे डोक्यातच आलं नाही. एलिमेंटचे पैसे मी मेव्हण्याला दिले, तो नको म्हणत होता तरी.

ओटीचंही तसंच. पाणी पिवळं झालं म्हणजे एकूण क्लोरीन आहे एवढंच कळतं. त्यातलं मोकळं किती आणि घाम, लघवी, तेल, साबण यांच्याशी बांधलं गेलेलं किती हे कळत नाही. खूप क्लोरीनचा वास येतोय म्हणजे खूप टाकलंय असं लोकांना वाटतं, बहुतेक वेळा उलटं असतं, तो डोळे चुरचुरणारा वास या बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो, मोकळं कमी पडलंय म्हणून येतो. डीपीडीची किट मिळते, तिच्यात मोकळं आणि एकूण वेगळं बघता येतं. ती घ्या, ओटीवर राहू नका.

गोळी नको म्हणून बरेच जण टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात, ग्रामपंचायतीची सवय आहे. तिच्यात चुना असतो. आपल्याकडे बोअरचं पाणी आधीच जड, तूरडाळ शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर दरवर्षी पांढरी पोपडी, त्यात अजून चुना ओतला तर काय होणार. दाणेदार कॅल्शियम हायपो (हायपोक्लोराइट) तिच्यापेक्षा स्ट्राँग, गाळ कमी, पण १० पीपीएम क्लोरीनमागे ७ पीपीएम हार्डनेस तीही वाढवतेच. आणि चुन्याच्या क्षाराचं असं आहे की पाणी जितकं गरम तितका तो जास्त खाली बसतो, साखरेच्या उलट. त्यात वर जेट चालू. सोड्याची बाटली उघडली की जसा गॅस फसफसून जातो तसा जेटच्या बुडबुड्यांनी पाण्यातला कार्बन डायऑक्साईड निघून जातो आणि काही न टाकता पीएच वर चढतो, बोअरच्या पाण्यात अल्कलिनिटी जास्त असल्यामुळं अजूनच जोरात चढतो. मेव्हण्याच्या बोअरचा टब सकाळी ७.५ वर सोडला तर संध्याकाळच्या पार्टीनंतर ८ च्या वर मिळतो मला, एक थेंब काही न टाकता.

आता कोणी म्हणेल ७.५ आणि ८ मध्ये असा काय फरक. तर ७.५ ला पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनपैकी निम्मं काम करणाऱ्या रूपात असतं, ८ ला जेमतेम पाव. म्हणजे क्लोरीन तेवढंच, पैसे तेवढेच, काम निम्मं. आणि तिकडं ७ च्या खाली गेलं तर जंतू मरतात पण हीटर, सील, डोळे सगळ्यांना त्रास. म्हणून ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायचं, अल्कलिनिटी ८० ते १२० आणि मोकळं क्लोरीन टबात ३ पीपीएमच्या खाली कधीच नाही. क्लोरीनऐवजी ब्रोमिन वापरत असाल तर ते ४ ते ८ पीपीएम, गरम पाण्याला ब्रोमिन बरं आहे, पीएच थोडा वर गेला तरी ते तेवढं ढिलं पडत नाही, पण महाग आहे आणि त्याच्या गोळ्याही आंबटच.

मी आता काय करतो ते लिहितो. बोअरचं पाणी अर्धंच, अर्धं नळाचं, महापालिकेचं धरणाचं पाणी हलकं आहे. पाणी भरल्यावर आधी अल्कलिनिटी, मग पीएच, मग क्लोरीन, याच क्रमाने. अल्कलिनिटी कमी असेल तर खायचा सोडा, जास्त असेल तर पातळ अॅसिड थोडं थोडं, दोन-तीन दिवसांत. क्लोरीनसाठी लिक्विड हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, १० टक्क्यांचं असेल तर १५०० लिटरला १५ मिलीने १ पीपीएम वाढतं, म्हणजे ३ साठी ४५ मिली, अर्ध्या कटिंगएवढं. कॅनमधल्या हायपोचा पीएच १२ च्या वर असतो म्हणून लोक घाबरतात, पण क्लोरीन वापरलं जाताना पाणी पुन्हा आंबटाकडं येतं, त्यामुळं जमाखर्च जवळपास सारखा होतो, पीएच चढतो तो मुख्यतः जेटमुळं. फक्त ते उन्हात ठेवू नका, ताकद जाते, एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर ठेवलेलं हायपो म्हणजे नुसतं खारं पाणी.

पाणी किती दिवसांनी बदलायचं याचा एक ढोबळ हिशोब आहे, लिटरला १२ ने भागायचं आणि मग रोज किती जण बसतात त्याने भागायचं. १५०० लिटर, रोज ८ जण, तर १५ दिवस. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दिवाळीत भरलेलं पाणी होळीला सोडतात. टँकरचा खर्च होतो हे मला कळतं, मे महिन्यात तर फारच. पण ते पाणी वाया घालवायचं नाही, क्लोरीन शून्यावर आलं की झाडांना सोडायचं. नाल्यात सोडू नका, नाला गोदावरीतच जातो.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. माझी भाची दुसऱ्या एका रिसॉर्टला मैत्रिणींबरोबर गेली होती, दोन दिवसांनी पोट-पाठ-मांड्यांवर लाल पुरळ, नेमका जिथं स्विमसूट ओला राहतो तिथं. डॉक्टर म्हणाले टबचं पाणी, स्युडोमोनास नावाचा जंतू. आठवडाभरात बरं झालं, पण चार पोरींना एकदम झालं. तिच्या आईबरोबर मी तिथं गेलो. तिथला केअरटेकर मुलगा गरीब होता बिचारा, कोणी शिकवलेलंच नाही. वासावरून गोळ्या टाकतो म्हणाला. पीएच कधी बघितला विचारलं तर म्हणे ते काय असतं. मोटरच्या खोलीत टीसीसीएचा डबा आणि कॅल्शियम हायपोची पावडर शेजारी शेजारी, आणि दोन्हीसाठी एकच निळा प्लास्टिकचा मग, त्याच्या बुडाला आधीच्या पावडरचा ओलसर थर चिकटलेला. या दोन गोष्टी एकत्र आल्या की तापतात, पिवळा विषारी धूर येतो, आग लागते, स्फोट होऊ शकतो. तो मग मी बाहेर आणून बादलीभर पाण्यात बुडवला आणि त्या पोराला समोर बसवून सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. मालक फोनवर म्हणाले क्लोरीन टाकतो ना आम्ही रोज.

पुरळावर भागलं म्हणून ठीक. १९९९ साली नेदरलँड्समध्ये बोव्हेनकार्स्पेल गावच्या फुलांच्या प्रदर्शनात एक असाच बुडबुड्यांचा टब नुसता दाखवायला चालू ठेवला होता, त्यात कोणी बसलंही नव्हतं, बाजूने चालत गेलेल्या लोकांच्या श्वासात तुषार गेले आणि लिजिओनेला जंतूने ३२ माणसं मेली. आपल्याकडे आजी-आजोबा टबाच्या कडेला खुर्ची टाकून नातवंडांकडं बघत बसतात.

माझी विनंती एवढीच की जिल्हा प्रशासनाने आणि पर्यटन खात्याने या टबांना एक साधं रजिस्टर सक्तीचं करावं, तारीख, वेळ, पीएच, मोकळं क्लोरीन, पाणी कधी बदललं, आणि ते पाहुण्याला दिसेल असं टबाशेजारी टांगावं. २०२७ च्या सिंहस्थाला किती माणूस येणार आहे, त्याच्या आत हे व्हावं. केअरटेकर पोरांना एक दिवसाचं ट्रेनिंग द्यावं, आमच्यासारखे रिटायर लोक फुकट शिकवायला तयार आहेत. आणि वाचकांनी बुकिंग करताना क्लोरीन टाकता का असं विचारू नये, हो असंच उत्तर येतं. आज सकाळचा पीएच किती होता असं विचारावं.

आपला नियमित वाचक,
सातपूर, नाशिक