शिंपल्याची किनार

लश्कर, ग्वाल्हेर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. आयुष्यात एकच उंची गिटार घ्यायची, तर शिंपल्याच्या जडावासाठी एवढे पैसे मोजावेत का, असं तू विचारलंस. माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे.

जडावाने स्वरात भर पडत नाही, हे खरंच. नाद देते ती वरची स्प्रूस लाकडाची अखंड फळी आणि तिच्या आतून लावलेल्या पट्ट्या. मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीचं डी-४५ हे मॉडेल बघ. घडणीने ती त्यांच्याच साध्या डी-२८ची सख्खी बहीण, फरक मुख्यतः कडेने फिरणाऱ्या अबलोन शिंपल्याचा. पहिली १९३३ साली जीन ऑट्री या गायकासाठी बनली आणि १९४२ पर्यंत अवघ्या ९१ झाल्या. आज त्यांची किंमत कोटींच्या घरात जाते. काही जण याला निव्वळ मिरवणं म्हणतात. मला ते पटत नाही. शिंपल्याचा एकेक तुकडा कापून, घासून खाचेत बसवण्यात कारागिराचे दिवसच्या दिवस जातात. ज्या वाद्यावर इतका जीव ओतायचा, त्याला लाकूडही तो पारखूनच घेतो.

आणि आपल्याला हे नवं का वाटावं? आमच्याकडचा मिरजेचा तंबोरा तू पाहिला आहेस. भोपळ्यावरची ती कोरीव पानं षड्जाला काय मदत करतात? तरीही रियाजाला बसताना आधी हात त्यांच्यावरून फिरतो, आणि मन जागेवर येतं. इथल्या जीवाजीगंजातल्या सरोद घर या संग्रहालयात, म्हणजे सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांच्या वाड्यात, जुनी वाद्यं पाहताना मला हेच जाणवतं: ज्यांनी ती घडवली, त्यांनी वाद्याला नुसतं साधन मानलं नाही.

गिटारची पाठ आणि बाजू ब्राझीलच्या शिसवीच्याच हव्यात, असा मात्र हट्ट धरू नकोस. १९९२ पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद आहे. मार्टिननेही १९६९च्या सुमारास आपल्या दक्षिणेतल्या शिसवीकडे मोर्चा वळवला, आणि ती उत्तम बोलते. दुकानात गिटार दुसऱ्याला वाजवायला सांग आणि डोळे मिटून ऐक. नाद मनात भरला, तरच डोळे उघडून नक्षी बघ.

घेतलीस की एक सांभाळ. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या कोरड्या झळांनी अखंड लाकूड आकसतं, चिरतं. गिटार पेटीतच ठेव, आतल्या हवेतला ओलावा ४५ ते ५५ टक्के राहील असं बघ. डिसेंबरात तानसेन समारोहाला येशील तेव्हा ती घेऊनच ये.

तुझा,
अविनाश