तिसऱ्या बेसवरच्या निर्णयाबद्दल पंच महोदयांचे जाहीर आभार

मा. पंच महोदय,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातील आमच्या शाळेच्या मैदानावर झालेल्या बेसबॉल सामन्यासाठी आपण कोल्हापूरहून आलात, त्याचे आभार आम्ही त्याच दिवशी नारळ देऊन मानले होते. हे पत्र मात्र आमच्या विरोधात गेलेल्या एका निर्णयाबद्दल आहे, आणि ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की त्या निर्णयाची चर्चा गावात अजूनही अर्धवट माहितीवर चालू आहे.

शेवटच्या इनिंगमध्ये पाहुण्या संघाचा धावपटू तिसरा बेस (धाव पुरी करताना वाटेत गाठायचा तिसरा टप्पा) ओलांडून होम प्लेटच्या, म्हणजे जिथे पोचल्यावर धाव पुरी होते त्या जागेच्या, दिशेने काही पावले गेला होता. लेफ्ट फील्डमधून, म्हणजे मैदानाच्या डाव्या बाजूने, चेंडू येताना पाहून त्यांच्या बेस कोचने (बेसजवळ उभे राहून धावपटूला खुणा करणाऱ्याने) दोन्ही हात पुढे धरून त्याला थांबण्याची खूण केली, आणि धावपटू मागे वळत असतानाच कोचचा तळवा त्याच्या छातीला लागला. आमच्या पालकांनी ‘आउट, आउट’ असा एकच गिल्ला केला. आपण त्याला नाबाद ठरवले आणि पुढच्याच फटक्यावर तो विजयाची धाव घेऊन गेला.

क्रीडाशिक्षक या नात्याने मी विचारणा केली, तेव्हा आपण आवाज न चढवता जे सांगितले ते मुलांनी कान देऊन ऐकले. नियमपुस्तकातील ६.०१ या कलमानुसार, पहिल्या किंवा तिसऱ्या बेसवरच्या कोचने धावपटूला हात लावून किंवा धरून, बेस सोडण्यास वा बेसवर परतण्यास शारीरिक मदत केली असे पंचाचे मत झाले, तर धावपटू बाद होतो. म्हणजे नुसता हात लागणे पुरेसे नाही, त्या हाताने धावपटूचे काम हलके झाले पाहिजे. (नाहीतर होम रन, म्हणजे एकाच फटक्यावर सगळे बेस फिरून धाव, मारून येणाऱ्याशी टाळी देणारा कोच आपल्याच खेळाडूला बाद करून बसला असता.) आपली नजर त्या क्षणी कोचच्या हातावर नव्हती, धावपटूच्या पायावर होती. त्याने लाल मातीत टाच रोवली होती, खांदा बेसकडे फिरला होता, आणि तळवा लागला तो त्यानंतर. कोचने त्याला धरून मागे ढकलले असते किंवा घसरून पडलेल्याला उचलून उभे केले असते, तर आपण त्याला बाद देण्यास क्षणभरही थांबला नसता. मदत झाली की नाही हा पंचाच्या मताचा प्रश्न असून त्यावर दाद मागता येत नाही, दाद मागायची ती नियमच चुकीचा लावला गेला असेल तर, हा फरकही आपण तिथेच स्पष्ट केलात. आमच्या भागात नियम इंग्रजीत येतात, सूचना कन्नडमधून मिळतात आणि भांडण मराठीत होते. त्यामुळे नियम आणि मत यांतली रेघ इतक्या सोप्या मराठीत कोणी दाखवून देणे ही आमच्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

त्याआधी पहिल्या बेसवर आमच्या कॅचरने (फलंदाजामागे बसणाऱ्या खेळाडूने) फेकलेला चेंडू त्यांच्या कोचच्या पोटरीला लागून उडाला आणि आमची मुले खेळ थांबला असे समजून उभी राहिली. फेकलेला चेंडू कोचला अनवधानाने लागला तर खेळ चालूच राहतो; कोचने जाणूनबुजून त्यात हात घातला तरच धावपटू बाद होतो, हे आता आमच्या सातवीतल्या मुलालाही पाठ आहे.

आपला एक आग्रह मात्र सुरुवातीला अनेकांना जाचक वाटला होता. बेस कोच म्हणून उभ्या राहणाऱ्या मुलांना हेल्मेट घातल्याशिवाय आपण सामना सुरू होऊ दिला नाहीत, आणि कोचने उभे राहायच्या पुसट झालेल्या चौकटीवर पुन्हा फक्की ओढून घेतलीत. अमेरिकेत २००७ च्या जुलैमध्ये टल्सा ड्रिलर्स संघाचे माईक कूलबॉ पहिल्या बेसवर कोच म्हणून उभे असताना मानेवर चेंडू लागून मरण पावले, आणि २००८ च्या हंगामापासून तिथल्या प्रमुख लीगमध्ये बेस कोचना हेल्मेट सक्तीचे झाले, हे आपण सांगितल्यावर कुरकुर आपोआप थांबली. कोच जिथे उभा राहतो तिथे चेंडू सरळ अंगावर येतो आणि त्याचे लक्ष अनेकदा धावपटूकडे असते, एवढे कळायला खरे तर अमेरिकेचे उदाहरणही लागू नये.

सामन्यानंतर व्हरांड्यात बसून आपण हे सारे नियम आपल्या हाताने मराठीत उतरवून दिलेत, त्याबद्दल संघाच्या आणि पालकांच्या वतीने मनःपूर्वक आभार. त्या पानांच्या प्रती निपाणी व चिक्कोडीकडील काही शाळांनी मागितल्या आहेत आणि एका सहकारी शिक्षकाने त्यांचे कन्नड भाषांतर करण्याची तयारी दाखवली आहे. आपली अनुमती असेल तर तसे करतो. आपले नाव त्यावर घालावे की नाही, तेही कळवावे.

आपला कृतज्ञ,
क्रीडाशिक्षक, खानापूर तालुका, जि. बेळगाव