आईची झाकणं आणि एकोणचाळीस अंकी संख्या

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढ्या मोठ्या संख्येला कशानेच भाग जात नाही, हे हाताने कसं ठरवलं?" आवाज तुटत होता, मला धड सांगता आलं नाही. तुमचा प्रश्न तसाच राहिला ही रुखरुख लागलीय, म्हणून हे पत्र.

ती संख्या अशी: 170141183460469231731687303715884105727. दोनाचा 127 वा घात, वजा एक. फ्रान्सचे गणिती एदुआर ल्युका यांनी 1876 साली ती मूळ असल्याचं दाखवलं. पुढची पंचाहत्तर वर्षं तिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला सापडली नाही.

आई, हनोईच्या मनोऱ्याचं कोडंही याच ल्युकांचं. तुझ्या डब्यांची झाकणं घेऊन मी तीन ताटांत तेच खेळत बसायचो. एका ताटातली सगळी चळत दुसऱ्या ताटात न्यायची, पण एका वेळी एकच झाकण हलवायचं, लहानावर मोठं ठेवायचं नाही. पाच झाकणांना 31 चाली, सातांना 127. कणीक मळता मळता तू मोजायचीस आणि माझी एखादी चाल जास्त झाली की लगेच टोकायचीस. तशी 127 झाकणं असती, तर चाली बरोबर वरच्या संख्येइतक्या लागल्या असत्या.

आता बाबांचा प्रश्न. एकेक भाजक लावून बघायचा तर वर्गमुळापर्यंत जावं लागतं, आणि इथे वर्गमूळच वीस अंकी. सेकंदाला एक भागाकार केला तरी चारशे अब्ज वर्षं लागतील. ल्युकांनी भाजक शोधलेच नाहीत. त्यांची रीत पुढे लेहमर या गणितज्ञांनी सोपी केली, ती 31 वर, म्हणजे दोनाचा पाचवा घात वजा एक यावर, करून दाखवतो. चारापासून सुरुवात. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, 31 ने भागून बाकी ठेवायची. चाराचे झाले 14. चौदाचा वर्ग 196, वजा दोन 194, बाकी 8. आठाचा वर्ग 64, वजा दोन 62, बाकी शून्य. घात पाचवा, म्हणून दोन कमी, तीन फेऱ्या. शेवटी शून्य आलं तरच संख्या मूळ. एकही भाजक न तपासता! पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी रात्रभर जागा होतो आणि सारखं वाटत होतं, बाबा आत्ता शेजारी हवे होते.

घात मूळ असला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. अकरावा घात वजा एक म्हणजे 2047, आणि ते 23 गुणिले 89.

एकोणचाळीस अंकी संख्येला अशा 125 फेऱ्या लागतात. तुमच्यासाठी 127 ही संख्या ठेवलीय, दोनाचा सातवा घात वजा एक, म्हणून पाचच फेऱ्या. तुम्ही मला पावकी-निमकी शिकवलीत त्याच पाठकोऱ्या वहीत करा. चौथ्या फेरीची बाकी 111 यायला हवी. आई, त्यांना दिवसाउजेडी बसव, रात्री डोळ्यांना ताण नको. पाचवीला शून्य आलं की मिस्ड कॉल द्या, माझ्याकडे कितीही वाजलेले असोत.

तुमचा,
बाळू