एका सेंटचा पेपर

संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली जो तो म्हणतो मोबाइलमुळे बातम्यांचा दर्जा घसरला, पण ही ओरड काही आजची नाही हो. न्यूयॉर्कमध्ये 1833 च्या सप्टेंबरात बेंजामिन डे नावाच्या छापखानेवाल्याने ‘सन’ नावाचा पेपर काढला तेव्हापण हेच झालं. बाकीचे पेपर 6 सेंटला, तेही बहुतेक वर्षाची वर्गणी भरून, आणि आत सगळं व्यापाऱ्यांचं नि पुढाऱ्यांचं, कामगार माणूस कशाला घेतोय? डेने किंमत ठेवली 1 सेंट, पोरं रस्त्यावर ओरडून विकायची आणि आत काय, तर पोलीस कोर्टातली भांडणं, दारुडे, चोऱ्या! खर्चाचा भार जाहिरातींवर. 1835 मध्ये तर चंद्रावर वटवाघळासारखी पंखवाली माणसं दिसली म्हणून चक्क मालिका छापली, नाव लावलं खगोलशास्त्रज्ञ हर्शेलचं, त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही आणि लोकांनी चवीने वाचली. थापच ती, त्याला माफी नाही. पण ज्यांच्या घरात कधी पेपर येत नव्हता त्यांना रोजच्या वाचनाची सवय अशाच पेपरांनी लावली, हे मात्र टीका करणारे सोयीस्कर विसरतात. तुमच्या रविवार पुरवणीत यावर एक सविस्तर लेख येऊ द्या की.

— एक जुना वाचक, सातारा