गणपती झाल्यावर निघण्यापूर्वी

ती. आई आणि ती. बाबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगणे मी मुद्दाम टाळले, कारण फोनवर आई आधी गप्प होते, मग "जेवलीस का" एवढेच विचारते, आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन पडवीत निघून जातात. लंडनच्या 'लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन' या संस्थेत हवामान बदल आणि आरोग्य या विषयातील एम.एस्सी.साठी मला प्रवेश मिळाला आहे, तो मी स्वीकारला आहे आणि आरोग्य केंद्रातील नोकरीचा राजीनामाही दिला आहे. "विचार चालू आहे" असे लिहिले असते तर तुम्हाला बरे वाटले असते, पण ते खरे नव्हे. अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. गौरी-गणपती घरी करून, विसर्जन झाल्यावरच मी निघेन.

बाबांच्या मनात पहिली शंका पैशांची येणार, म्हणून तिचे निरसन आधी करते. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मला मिळाली असून तीत शिक्षणशुल्क, राहण्याखाण्याचा खर्च आणि जाण्यायेण्याचे विमानभाडे येते. बागेचे एक कलमही गहाण पडणार नाही आणि दादाकडे शब्द टाकण्याची वेळ येणार नाही. शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षे मायदेशी परतले पाहिजे, अशी या शिष्यवृत्तीची अटच आहे. परतण्याची माझी इच्छा आहेच, पण बाबांचा इच्छेपेक्षा कागदावर अधिक विश्वास असल्यामुळे अट मुद्दाम लिहिली.

"डॉक्टर झालीस, आता हवेचा अभ्यास कशाला?" हा तुमचा प्रश्न मला लिहितानाच ऐकू येतो आहे. जून २०२० मधले निसर्ग वादळ आठवा. पोफळी किती पडल्या, माड किती मोडले, कौले किती उडाली, याचा पंचनामा झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण पुढे कित्येक आठवडे वीज नव्हती, तेव्हा बाबांचे इन्सुलिन आईने माठाला ओले फडके गुंडाळून त्यात ठेवले होते, आणि वाडीतल्या बाकीच्या मधुमेही माणसांनी आपापल्या औषधांचे काय केले, याची नोंद कोणत्याही कागदावर नाही. पडलेली पोफळ दिसते आणि मोजता येते. बिघडलेले औषध घेऊन दोन महिन्यांनी मूत्रपिंडाचा त्रास वाढलेला माणूस वादळाच्या खात्यात कोणी लिहीत नाही.

आरोग्य केंद्रात हेच पुन्हापुन्हा पाहिले. मे महिन्यात आंबे उतरवायला आलेला एक गडी भर दुपारी बागेत कोसळला. कागदावर मृत्यूचे कारण हृदयविकार असे नोंदले गेले आणि ते खोटेही नव्हते, परंतु त्या दिवशीच्या उकाड्याचा उल्लेख कोठेच आला नाही. एकेका माणसाकडे पाहून हे सिद्धही करता येत नाही, त्यासाठी सबंध गावाचे, जिल्ह्याचे मृत्यू आधीच्या वर्षांशी ताडून पाहावे लागतात. अहमदाबादेत मे २०१० मध्ये उष्णतेची मोठी लाट आली. त्या महिन्यातले मृत्यू आदल्या आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले तेव्हा १३०० हून अधिक माणसे जास्त मेल्याचे दिसले. त्यातूनच गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या साहाय्याने २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा तयार झाला आणि तो दक्षिण आशियातला पहिला ठरला. माणसे कशाने दगावतात हे आकड्यांत मांडता आले म्हणूनच पुढे इशारे, पाण्याची सोय आणि दवाखान्यांची तयारी या गोष्टी घडल्या.

पण त्यांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे उपयोगी नाहीत. तिथला धोक्याचा लाल टप्पा ४५ अंशांचा आहे. हवामान खाते उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागात ४० आणि किनाऱ्यावर ३७ अंशांपासून विचार करते, शिवाय तापमान सहसा सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी चढावे लागते. आपल्याकडे पारा ३४ वर असतानाही जीव नकोसा होतो, कारण हवाच ओली असते. आईचा माठ पावसाळ्याच्या तोंडावर पाणी गार करत नाही, तेच आपल्या अंगाचे होते: घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर निवत नाही. "उष्ण व दमट" असा इशारा येतो खरा, पण किती उष्णता आणि किती दमटपणा एकत्र आला म्हणजे साठीपुढची माणसे आजारी पडू लागतात, हे मला आपल्याच तालुक्यांच्या नोंदींवरून काढायचे आहे. त्यासाठी लागणारे संख्याशास्त्र मला येत नाही, एम.बी.बी.एस.मध्ये ते पुरेसे शिकवत नाहीत, आणि ते शिकण्यासाठीच मी जाते आहे. केंद्र सरकारचा हवामान बदल आणि मानवी आरोग्याविषयीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून सुरू असून त्यात जिल्हापातळीवरही आराखडे करायचे असतात, तेव्हा परतल्यावर हे शिक्षण वाया जाईल अशी भीती बाळगू नये.

माझ्या खाण्यापिण्याची आणि थंडीची काळजी आईने करू नये. तांदूळ तिथे सगळीकडे मिळतो, आमसुले, कुळथाचे पीठ आणि मेतकूट मी इथूनच नेणार आहे, राहण्याची खोली आतून गरम केलेली असते, आणि वहिनीने तिची लोकरीची शाल आधीच काढून ठेवली आहे. आई, तुला हसू येईल म्हणून सांगते, त्या संस्थेच्या इमारतीच्या गॅलऱ्यांवर डास, पिसू आणि उंदीर यांच्या सोनेरी मूर्ती बसवलेल्या आहेत. जन्मभर तू ज्यांच्यामागे झाडू घेऊन धावलीस, त्यांना तिथे असा मान आहे.

खाडीवर पूल झाला नव्हता तेव्हा मला ताप आला की बाबा आपल्या उपरण्यात गुंडाळून, खांद्यावर घेऊन, तरीतून हर्णैच्या बाजूला नेत असत. तापातही मला त्या उपरण्याचा वास ओळखीचा वाटत असे आणि डॉक्टरांपाशी पोहोचण्यापूर्वीच अर्धे बरे वाटे. अजूनही आजारी पडले की तेच उपरणे आठवते. तुम्हाला खांद्यावर घेण्याची वेळ आता माझी असताना मी दूर जाते आहे, हे मला कळत नाही असे समजू नका.

म्हणूनच पुढचे नीट वाचावे. इन्सुलिनची न उघडलेली कुपी फ्रीजमध्येच ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात मात्र कदापि नको. चालू कुपी सावलीत, घरातल्या सर्वांत थंड जागी ठेवली तर सुमारे चार आठवडे चालते, तेव्हा दोन दिवस वीज गेली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. बाबा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेतात. अशा गोळीने उकाड्यात अंगातले पाणी लवकर कमी होते आणि या वयात तहानही पुरेशी लागत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी घ्यावे, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मार्च ते जून या काळात अकरा ते चार बाबांनी आगरात जाऊ नये, शिंपणे सकाळी उरकावे. आईला कड्यावरच्या गणपतीला जायचे असेल तर तिने सकाळी सातच्या आत चढावे, नवस उन्हात फेडला म्हणून जास्त पावत नाही.

आई, लावणीला शेजारणींच्या मदतीला जाणे तू थांबवणार नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून जाऊ नकोस असे म्हणत नाही. पण टाचेला भेगा असताना अनवाणी चिखलात उतरू नकोस, गमबूट घाल. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो. ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या तर काढा घेऊन दोन दिवस पाहत बसू नकोस, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. न्हाणीतल्या चुलीवर पाणी तापवताना खिडकी उघडी ठेव. गॅसचा बंब घ्यावा असे माझे मत आहे, ते दादाशी बोलून ठरवा, पैसे मी देईन.

दादा दर महिन्याला येईल, शेजारच्या काकूंकडे बाबांच्या औषधांची यादी दिली आहे, आणि मी रोज रात्री आठ वाजता, म्हणजे तिथल्या दुपारी, फोन करीन. पत्र मिळाल्यावर बाबांनी स्वतः फोन करावा, रागवायचे असेल तर रागवावे, मी ऐकून घेईन. फक्त आईने शेजारी बसून त्यांना उत्तरे सांगू नयेत.

तुमची,
बाय