अग्निकुंडाचं काय करू?

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर ताब्यात.

आमच्या पवारांचा, म्हणजे माळव्याच्या परमार राजांचं कूळ सांगणाऱ्यांचा, कुलवृत्तांत निघतोय. अण्णाकाका मंडळाचे अध्यक्ष, आणि पहिलं प्रकरण माझ्याकडे. रविवारच्या बैठकीत ते वाचलं आणि खडाजंगी झाली. घरी सगळे म्हणतात, "कशाला काकांच्या तोंडी लागतोस?" धारला लाट मशिदीबाहेर त्या मोडक्या लोहस्तंभावर हात ठेवून मला परमार राजा मुंजाची गोष्ट सांगणारा तू, म्हणून तुलाच लिहितोय.

अण्णांना सुरुवात अबूच्या अग्निकुंडापासून हवी. वसिष्ठांची गाय विश्वामित्राने पळवली, वसिष्ठांनी आहुती दिली, ज्वाळेतून वीर उठला, गाय सोडवून आणली, तो मूळपुरुष. हेळव्याच्या, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी ठेवणाऱ्याच्या, वहीतही तेच. ही कथा मी आजीच्या मांडीवर ऐकली आहे, ती पुसून टाकायची माझी मुळीच इच्छा नाही. पण ती येते परमार राजा सिंधुराजाचा दरबारी कवी पद्मगुप्त याच्या 'नवसाहसांकचरिता'त, म्हणजे सन १००० नंतर. त्याच्या पन्नासेक वर्षं आधीचा परमार राजा सीयकाचा हरसोल ताम्रपट घे, सन ९४९चा. त्यात अग्निकुंड नाहीच! आरंभी मान्यखेटच्या राष्ट्रकूटांची नावं, अमोघवर्ष, अकालवर्ष, आणि मग 'त्या कुळात' बप्पैराज, वैरिसिंह, सीयक. कुणी म्हणतं हे नातं आईकडून असेल, कुणी म्हणतं मांडलिकाने धन्याचं कूळ लावलं. काही असो, घराण्याने स्वतःबद्दल तांब्यावर कोरून ठेवलेलं इतकं जुनं वाक्य हातात असताना ते गाळायचं कसं?

अण्णा ताडकन म्हणाले, "आगीतून जन्मलेल्यांना मांडलिक म्हणून छापणार?" अरे, पण हाच सीयक तेवीस वर्षांनी राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट लुटतो! धनपालाने 'पाइयलच्छी' कोशाच्या शेवटी लिहून ठेवलंय, विक्रम संवत १०२९मध्ये मालवराजाने मन्नखेड, म्हणजे मान्यखेट, लुटलं तेव्हा धारा नगरीत हा कोश धाकटी बहीण सुंदरी हिच्यासाठी रचला. केवढी राजधानी पडली, आणि हा माणूस बहिणीसाठी प्राकृत शब्द गोळा करतोय. मला हे वाचताना भरून आलं. सीयकाचा मुलगा मुंज तर अमोघवर्ष, पृथ्वीवल्लभ ही राष्ट्रकूटांचीच बिरुदं लावून मिरवला. ज्यांचे मांडलिक होते त्यांची बिरुदं घेण्याइतकी ताकद दोन पिढ्यांत कमावली, यात कमीपणा कुठला?

मुंज म्हटलं की तुझी मृणालवती आलीच. रुद्रादित्य मंत्री नको म्हणत असताना मुंज गोदावरी ओलांडतो, चालुक्य राजा तैलपाच्या कैदेत पडतो, तिथे तैलपाची बहीण. मेरुतुंग या जैन लेखकाने हे तीनशे वर्षांनी लिहिलंय, एवढंच मी म्हटलं होतं, तर तू इंदूरपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसलास! तैलपाने त्याला मारलं हे मात्र चालुक्यांचे लेखही सांगतात. आणि मुंजाचा पुतण्या भोज याने कोकण जिंकल्याच्या पर्वावर १०२० साली दान दिल्याचं बांसवाड्याच्या ताम्रपटात आहे, तेव्हा तुझ्या वाडीतले फणस कायद्याने आमचे. भांडण संपलं.

खरी टोचणी पुढेच आहे. १३०५ साली अलाउद्दीनच्या फौजेने मांडूला परमार राजा महलकदेवाला मारलं, माळव्याचं परमार राज्य संपलं. हेळव्याची वही तिथून एका नावाच्या आधारावर थेट शिवकाळात उतरते. मधली नावं मी 'भरावीत' असं मंडळाचं म्हणणं. मी नाही भरणार. उद्या आपलीच नातवंडं ती खरी मानून बसतील. त्यापेक्षा यवतमाळकडचा डोंगरगावचा शिलालेख घ्या म्हटलं, सन १११२चा. परमार राजा उदयादित्याचा मुलगा जगद्देव माळवा सोडून चालुक्य विक्रमादित्याकडे आला आणि त्याने ते गाव दान दिलं. परमार आपल्या मुलखात आल्याचा दगड आहे तो! त्यावरून आमच्या घरापर्यंत दोरी ओढता येत नाही, पण लेख तर खरा. अण्णा म्हणाले, "दोरी नाही तर उपयोग काय?"

अण्णांना दुखवणं जिवावर येतं. बाबा गेल्यावर माझी फी त्यांनी भरली. म्हणून मसुदा बदललाय: आधी ताम्रपट, मग पद्मगुप्ताच्या नावानिशी अग्निकुंडाची कथा पूर्ण, एक ओळही न कापता. मधली तीनशे वर्षं कोरी. एवढं मान्य नसेल तर प्रकरणावर माझं नाव नको, हे मी सांगणार आहे.

वहिनींची बदली झाली का? धाकटीला कुठे प्रवेश मिळाला? नव्या घराची पत्रिका मिळाली, येणार आहोत सगळे.

मजकूर दिवाळीनंतर छापखान्यात जातोय. अण्णा तुझं ऐकतात, म्हणून हरसोलच्या ताम्रपटाबद्दल तुझ्या अक्षरात चार ओळी लिहून धाड. फोन नको, कागद हवा. बैठकीत तो त्यांच्या हातात देतो.

तुझा,
नाना