कुएर्नावाकाच्या भिंतीवर आपला गोन्सालो

लाडक्या बाय,

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी तुला संविधान दिनाची सुट्टी असेल ना? मग समुद्रावर धावू नकोस, कुएर्नावाकाला जा. मेक्सिको सिटीहून बसने दीड-दोन तासांचाच रस्ता.

तिथलं कॅथेड्रल मूळचं फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठाचं. आतल्या लांबलचक भिंतींवर सतराव्या शतकातलं चित्र आहे. गाड्यांत कोंबून काढलेली धिंड, बोटींतून नेलेले कैदी आणि शेवटी क्रूसच क्रूस. कैक वर्षं ते चुन्याखाली दडलेलं होतं, विसाव्या शतकात दुरुस्ती काढली तेव्हा उघडं पडलं. वर मोठ्या अक्षरांत ‘एम्पेरादोर तायकोसामा’ असं वाचशील. म्हणजे सम्राट तायकोसामा, जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी. त्याच्या हुकमाने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं. त्यातला एक आपला वसईचा गोन्सालो गार्सिया.

बाप पोर्तुगीज, आई इथलीच. पोरवयात जेझुइट या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या लोकांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापारात पडला, मग फिलिपिन्समधल्या मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. १५९३ मध्ये स्पॅनिश फादर हिदेयोशीसमोर उभे राहिले तेव्हा दुभाषा हाच. जपानातल्या पोर्तुगीज जेझुइटांचं आणि या स्पॅनिश मंडळींचं मात्र अजिबात पटत नव्हतं, आणि १५८० पासून दोन्ही देशांचा राजा तर एकच! आपल्याकडे नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, प्रवचनात हे भांडण मी कधी ऐकलं नाही. सांगायला हवं खरं तर.

तिकडे गवगवा फेलिपेचा. तोही त्या सव्वीसांतलाच, मेक्सिको सिटीचा, आधी चांदीकाम शिकलेला. दीक्षा घ्यायला मनिलाहून घरी निघाला आणि १५९६ मध्ये गलबत वादळात सापडून जपानला लागलं. तो लहानपणी इतका वांड की घरची दाई म्हणे, वाळलेलं अंजिराचं झाड पालवेल तेव्हा हा संत होईल. तो गेला त्या दिवशी झाड पालवलं, अशी आख्यायिका आहे.

मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरातून स्पेनच्या गलबतांनी चांदी मनिलाला जायची, तिथून चिनी रेशीम यायचं. नागासाकीची बातमीही त्याच वाटेने मेक्सिकोला पोचली. १६२७ मध्ये पोपने त्या सव्वीस जणांना धन्य घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. वसईच्या पोराचं चित्र मेक्सिकोत लागलं ते असं, पोर्तुगालच्या नव्हे, स्पेनच्या गलबतांमुळे. आपण त्याला फक्त पोर्तुगीज काळात बसवतो, ते मला अपुरं वाटतं.

रविवारी तिथे मारियाचीवाल्यांची, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीताच्या वाद्यवृंदाची, मिस्सा असते, ती चुकवू नकोस. आणि फोटो पाठव, पण फ्लॅश मारू नकोस.

तुझे पप्पा